गाडीत कट्टे किती बसतात?

गाडी कोणतीही असो, आमच्याकडे पहिला प्रश्न एकच विचारतात: कट्टे किती बसतात? कट्टा म्हणजे धानाचं किंवा तांदळाचं प्लास्टिकचं पोतं. मायलेज, रंग, मॉडेल हे सगळं त्यानंतर. मी लाखनीत औषधाचं दुकान चालवते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी, दमदार इंजिनाची, दोन दारांची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न मला अकरा माणसांनी विचारला. अकरा हा अंदाज नाही. मी वहीत खुणा करत होते.

घरात गाडी नव्हती असं नाही. सात सीटची मोठी गाडी होती, आजही आहे, आणि ती मीच चालवते. नवऱ्याला हायवेवरच्या ट्रकांची भीती वाटते, फक्त तो तिला 'कंटाळा' म्हणतो. त्यामुळे गाडी मोठी आणि ड्रायव्हर घरचा, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत. दुकान रविवारी बंद असतं, हेही माहीत. एकदा मी मागच्या वर्षाची डायरी काढून रविवार तपासले. साक्षगंध, तेरवी, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणाची बियाण्याची खरेदी, धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत बायांना शेतावर सोडणं, एका लग्नात तर नवरीची आलमारी टपावर बांधून नेली. सबंध वर्षात माझा असा एकही रविवार सापडला नाही.

मला गाडी चालवायला आवडतं. हे वाक्य एखादी बाई बोलली की लोक फक्त एवढंच ऐकतात, हिला गाडी चालवता येते. मग ते कामाला लावतात.

मला आठवड्यातून एक सकाळ हवी होती. सहा ते नऊ. हातात स्टिअरिंग, समोर जंगलाच्या कडेचा वळणांचा रस्ता आणि गाडीत कुठेही उतरायचं नसलेलं एकच माणूस, म्हणजे मी. त्यासाठी वहीत पहिल्या पानावर अटी लिहिल्या. हाताने बदलायचे गिअर. दमदार इंजिन, पण पार्ट नागपुरात मिळतील असं. दहा वर्षांच्या आतली. माझ्या आवाक्यातली. आणि सर्वांत वर, खाली दोनदा रेघ ओढून: दोन दारं. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, डोकं घालून, गुडघे पोटाशी घेऊन शिरावं लागतं. अशी गाडी तेरवीला कोणी मागत नाही. माझी सगळी युक्ती एवढीच होती.

पहिली गाडी भंडाऱ्यात होती. मी दुपारी दुकान बंद केलं आणि एकटी गेले. विकणाऱ्याने माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं आणि विचारलं, "साहेब येऊन राहिले का मागून?"

"साहेब नाही. मीच पाहणार आहे."

"हो का? पाहा मग," असं म्हणून तो फोनवर बोलायला लागला.

मी वही काढली. टायरवर चार आकडे असतात, पहिल्या दोनांत आठवडा आणि शेवटच्या दोनांत वर्ष. चारही टायर गाडीपेक्षा जुने निघाले. ते कसे, हे त्याला सांगता आलं नाही. मग बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा काढला. आत ओंजळभर धानाचा कोंडा, कुरतडलेली वायर आणि उंदराचं वापरातलं घरटं. गाडी दोन वर्षं कोणाच्या तरी राइस मिलच्या शेडमध्ये उभी होती. आमच्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाआधी उंदीर पाहावा, हे मी त्याच पानावर लिहून ठेवलं आणि परत आले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा माझा मोठा भाऊ. अड्याळला शेती करतो. भंडाऱ्यात मी कोणाच्या अंगणात उभी होते, हे त्याला माझ्याआधी कळलेलं असतं.

"तू गाडी पाह्यले एकटी गेली?"

"हो. काहून?"

"काहून म्हणते! गाडी पाह्यले कोणी एकटं जाते का वो? बैल पाह्यले एकटं जात नाई, पोरगी पाह्यले एकटं जात नाई. समोरचा काय म्हणल, हिच्या घरी माणसं नाईत का?"

"दादा, गाडी मले चालवायची आहे."

"चालव ना. तुले कोण नाई म्हणते? पण पाह्यले पाच माणसं लागतात."

पाच का, तर शुभ कामाला पाच. मी वाद घातला असता, पण दादाचं एक आहे. तो रुसला की जेवत नाही, मग वहिनीचा फोन येतो, मग काकांचा, आणि तेवढ्या वेळात माझे दोन हिशोब आणि एक औषधांची ऑर्डर राहून जाते. मी 'बरं' म्हटलं. वहीत 'बरं' लिहायला रकाना नव्हता. असता तर पुढचं बरंच वाचलं असतं.

दुसऱ्या गाडीचा पत्ता चिखल्याचा होता. तिथल्या मँगनीजच्या खाणीतले एक इंजिनिअर आठ दिवसांत बदलीवर जाणार होते. गाडी लाल, दोन दारांची, आठ वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली. फोनवर त्यांनी मला आधी विचारलं, "तुम्ही शहरात चालवणार की मोकळ्या रस्त्यावर?" मग टायर कधी बदलले, क्लच कधी बदलला, तेल कोणतं घालतात, हे सगळं तारखांसह सांगितलं. मी एकही प्रश्न विचारायच्या आधी माझ्या वहीतल्या चौदा प्रश्नांपैकी अकरांची उत्तरं मिळाली होती. मला त्या माणसाविषयी लगेच आदर वाटला. शेवटी ते म्हणाले, "सोमवारी नागपूरहून एक जण येतो आहे. तुम्ही रविवारी आलात तर पहिला हक्क तुमचा."

रविवारी आम्ही पाच जण निघालो. मी, नवरा, दादा, काका आणि दादाच्या शेजारचा ट्रॅक्टर मिस्त्री. अर्थात सात सीटच्या गाडीतून आणि अर्थात मीच चालवत. म्हणजे माझ्या रविवारच्या सुटकेसाठी आणखी एक रविवार, आणखी चार सवाऱ्या. तुमसरला चहासाठी थांबलो तेव्हा वही डॅशबोर्डवर राहिली. परत येऊन पाहते तर दादाने बॉलपेनने शेवटी एक नवा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं 'कट्टे'.

"दादा, हे काय?"

"तू लिहायची इसरली होती."

"मी विसरले नाही. मले कट्टे न्यायचेच नाहीत."

"आज नाई. उद्या?" काका मागून म्हणाले. "गाडी दारात हाय आन् कट्टा डोक्यावर, असं होते का बापा?"

चिखल्यात घराघरांच्या खिडक्यांवर खाणीची काळपट धूळ बसलेली असते. इंजिनिअरसाहेबांची गाडी मात्र कापडी आवरणाखाली होती. आवरण काढलं तर दाराच्या फटीतसुद्धा काळं नव्हतं. मी बोट फिरवून पाहिलं. त्यांनी मी बोट फिरवताना पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. बोट स्वच्छ होतं, तरी मी पुसलं.

आधी मी आणि ते, असे दोघेच गेलो. कॉलनीच्या बाहेर थोडा सरळ रस्ता आहे. तिसरा गिअर टाकून मी पाय दाबला आणि गाडीने मला सीटमध्ये मागे ढकललं. मी हसले नाही, विकत घेताना हसू नये. पण वळणावर गाडी रेघेवर चालल्यासारखी गेली, आणि मला वाटलं, बस, हीच. वहीतले उरलेले तीन प्रश्न मी नंतर केवळ शिस्त म्हणून विचारले.

परत येऊन कागद पाहायला आत जायचं होतं. हातात वही, चष्मा, फोन, पर्स. गाडीची चावी मी दादाकडे दिली आणि म्हटलं, "जरा धर."

चूक माझीच. माझ्या पूर्ण यादीत 'चावी कोणाकडे' हा मुद्दा नव्हता.

आत आर.सी. पाहिली, इन्शुरन्स पाहिला, गाडी नावावर करायचे फॉर्म एकोणतीस आणि तीस त्यांनी आधीच भरून ठेवले होते. सर्व्हिसची फाइल तर अशी की मी ती दुकानात दाखवायला मागून घेतली असती. आम्ही सहाव्या वर्षापर्यंत आलो होतो, तेवढ्यात बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. दारापर्यंत पोचेस्तोवर गाडी फाटकाबाहेर होती. स्टिअरिंगवर मिस्त्री, शेजारी दादा, मागे काका. आणि काकांच्या बाजूला, गुडघे कानापाशी घेऊन बसलेला माझा नवरा.

मिस्त्रीचा नियम मला नंतर समजावून सांगण्यात आला. "गाडी लोडात पाहावं लागते, मॅडम. खाली तर कोणतीबी पळते." तो आयुष्यभर ट्रॉलीत धान भरून ट्रॅक्टर तपासत आला. रिकाम्या ट्रॉलीवर ट्रॅक्टर पास करणारा मिस्त्री आमच्याकडे धंदा करू शकत नाही. त्याच्या दृष्टीने तो माझ्यावर उपकार करत होता. चौघांचं मिळून वजन सहज सहा-सात कट्ट्यांचं.

कॉलनीच्या कोपऱ्यावर गतिरोधक आहे. त्यावरून पुढची चाकं गेली आणि मग तो आवाज आला. पत्र्यावर फावडं ओढल्यासारखा. गाडी तिथेच थांबली. मी धावले. इंजिनिअरसाहेब धावले नाहीत, चालत आले, आणि इस्त्रीच्या पँटवर सरळ रस्त्यात गुडघे टेकून खाली वाकून पाहू लागले.

"काही नाई झालं," मिस्त्री उतरून म्हणाला. "खालची प्लास्टिकची प्लेट घासली. तेलाचं चेंबर साबूत हाय."

"अवो, मले काढा ना इथून!" काका मागून ओरडत होते. "हे सीट कसं वाकते? जावई, तुमी तरी सरका!"

जावई म्हणजे माझा नवरा. त्याला सरकायला जागा नव्हती. काकांना बाहेर काढायला दादा आणि मिस्त्री अशी दोन माणसं लागली, आणि त्यात काकांची एक चप्पल आतच राहिली. इतर कोणत्याही दिवशी मी हसले असते.

इंजिनिअरसाहेब उठले. गुडघे झाडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, माफ करा. गाडी तुम्हाला द्यायची नाही."

"मी खर्च देते. प्लेट बदलून..."

"खर्चाचं नाही. तुमच्याकडे तिचं काय होणार, ते मी आताच पाहिलं."

ते खोटं बोलत नव्हते.

परतीच्या वाटेवर तुमसर आलं. मग दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "गाडी दमदार होती पण. चार जणं घेऊन चढली."

"दादा, एक शब्द बोलू नको."

"मी तारीफच करून राहिलो ना!"

रात्री वही उघडली तर 'कट्टे'च्या रकान्यात त्याने मधेच कधीतरी आकडे भरूनही ठेवले होते. डिक्कीत ३, मागच्या सीटवर ४, आणि त्याखाली: १ पुढच्या सीटवर.

सोमवारी नागपूरचा माणूस येणार होता. सोमवारी दुकानात गर्दी असते, मी दोन गिऱ्हाइकांना खोकल्याच्या एकाच औषधाचा वेगवेगळा भाव सांगितला, असं माझ्या हातून कधी होत नाही. मंगळवारी मी फोन केला. नागपूरचा आला होता. "त्याला तिच्यावर आवाज करणारा सायलेन्सर बसवायचा आहे," इंजिनिअरसाहेब म्हणाले.  मी म्हटलं, "उद्या मी येते. एकटी." त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, फोन मात्र लगेच ठेवला नाही. मला तेवढं पुरे होतं.

बुधवारी दुकानावर पाटी लावली आणि निघाले. घरी सांगितलं, डिस्ट्रिब्युटरकडे जाते. दोन तास मोठ्या गाडीत मी एकटीच होते. एवढ्या वर्षांत सलग एवढा वेळ एकटी, हे पहिल्यांदाच होत होतं. पण मी काय बोलायचं त्याचे मुद्दे मनात लावत होते, त्यामुळे ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यांच्या टेबलावर मी तीन गोष्टी ठेवल्या. नव्या प्लेटसाठी नागपूरच्या दुकानाची मी भरलेली पावती. सर्व्हिसचं पुढच्या दोन वर्षांचं वेळापत्रक, त्यांच्याच फाइलच्या पद्धतीने आखलेलं. आणि माझी वही. म्हटलं, "तुम्ही वाचा. मी बोलले तर ते मनधरणी केल्यासारखं वाटेल."

त्यांनी पहिलं पान वाचलं. दोन दारांखालच्या दोन रेघा पाहिल्या. मागच्या वर्षीच्या रविवारांची यादी होती, ती आलमारीपर्यंत सगळी वाचली. मग शेवटच्या पानावर आले आणि थांबले.

"हे अक्षर तुमचं नाही."

"नाही. माझ्या भावाचं."

"एक पुढच्या सीटवर म्हणजे काय?"

"तांदळाचा कट्टा."

ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ. मग चष्मा पुसून विचारलं, "मागच्या सीटवर कोण बसणार?"

"कोणीही नाही. म्हणूनच ही घेते आहे."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवले. मी सही केली. गाडी त्यांनी शुक्रवारी स्वतः लाखनीला आणून दिली आणि चावी माझ्याच हातात ठेवली, शेजारी नवरा हात पुढे करून उभा असताना.

आता तो पहिला रविवार. आदल्या दिवशी हवा तपासली, टाकी भरली, वाटेचे गतिरोधक मोजून कागदावर लिहिले. पावणेसहाला अंगणात आले तर गाडीशेजारी दादा उभा. शनिवारी शेवटच्या बसने तो अड्याळहून आला होता, मी झोपल्यावर. अंघोळ केलेली, पांढरा शर्ट, हातात नारळ आणि लिंबू.

"पूजा झाली नाई ना गाडीची?"

"दादा, मी एकटी जाणार आहे."

"जा ना. मले अड्याळले सोड आन् जा."

"बस आहे साडेसातला."

"मी मागं नाई बसत. पुढं बसतो. मुकाट्यानं." लिंबू त्याने चाकाखाली ठेवलं, नारळ फोडला, आणि खाली पाहतच म्हणाला, "त्या दिवशी मी मिस्त्रीले म्हटलं होतं, चाल. त्याची गलती नाई."

दादाने आजवर मला स्वतःची चूक सांगितल्याचं मला आठवत नाही. मी काय करणार? दार उघडलं. बसताना त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरून आत घेतला.

शेजारी प्रसाद वाटून निघेस्तोवर सात वाजले होते, पण वाटेत तो खरंच मुकाट बसला. वरचं हँडल धरून. एका लांब वळणावर "हळू," म्हणाला, आणि लगेच, "नको, चालू दे, चालू दे." शेतांमध्ये धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या, त्याने एकदाही कोणाचं रोवणं किती झालं ते पाहायला थांबवलं नाही. हे त्याला किती जड गेलं असेल, ते फक्त मला माहीत आहे.

आठला अड्याळला त्याच्या दारात सोडलं. तो उतरला, "थांब," म्हणाला आणि आत गेला. मला कळायला हवं होतं. बाहेर आला तो खांद्यावर कट्टा घेऊन. सरळ येऊन पुढच्या सीटवर ठेवला.

"दादा!"

"एक. पुढच्या सीटवर. मी लिहिलं होतं ना?"

"मले तांदूळ नकोत. घरी आहेत."

"हा घरचा हाय, तुह्या वहिनीनं निवडून ठेवला. तुले काय उचलायचा हाय? गाडी नेते."

दार लावून तो मागे सरकला. मी गाडी सुरू केली आणि गाडी टुंग टुंग करायला लागली. शेजारच्या सवारीने बेल्ट लावला नव्हता. मी उतरले, फिरून गेले, कट्ट्याला बेल्ट लावला, परत येऊन बसले. दादा कमरेवर हात ठेवून समाधानाने पाहत होता.

"आन् पुढच्या आइतवारी काका म्हणून राहिले का..."

मी काच वर केली.

अड्याळहून घरी यायला सरळ रस्ता आहे. मी तो घेतला नाही. जंगलाच्या कडेचा, वळणांचा, लांबचा घेतला. पहिल्या वळणावर कट्टा दाराकडे झुकला, बेल्टने त्याला धरलं, पुढच्या वळणावर तो परत सरळ झाला. त्यानंतर मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मध्ये नवऱ्याचा फोन वाजला, वाजून थांबला. तिसरा गिअर, चौथा, परत तिसरा. रस्त्यावर कोणी नव्हतं.

घरी आल्यावर चहाच्या आधी वही काढली. त्या दिवसाची नोंद अशी आहे: 'सहा ते आठ, दादा. आठ दहा ते नऊ पंचवीस, एकटी.' मग पेन उचललं, विचार केला, आणि कंसात लिहिलं: कट्टा हिशोबात धरला नाही.